नवरीच्या मामाची निवडणूक

मी आयुष्यात एकदाही कुठल्या निवडणुकीला उभा राहिलो नाही, याबद्दल मी देवाचे रोज आभार मानतो. तरीसुद्धा या अंकाच्या संपादकांनी मला ‘निवडणूक कशी लढवावी’ यावर लिहायला सांगितलं. त्यांचं म्हणणं असं की उमेदवार आले नि गेले, इस्माईल तांबोळी मात्र प्रत्येक निवडणुकीत होता. ते खरं आहे. होतो, पण भोंग्याच्या मागे होतो. शिरूरच्या पेठेत माझं लाऊडस्पीकरचं दुकान होतं. लग्न, जत्रा, उरूस, कीर्तन आणि अधूनमधून निवडणूक, असा माझा धंदा. भोंग्याचं तोंड लोकांकडे असतं, त्यामुळे मागे बसणाऱ्याला भाषण कमी ऐकू येतं आणि ऐकणाऱ्यांचे चेहरे जास्त दिसतात. माझं सगळं शिक्षण त्या चेहऱ्यांवर झालं.

आता खिशात मावणाऱ्या यंत्रातून अख्ख्या जगाचा आवाज निघतो, म्हणून आमचं सामान कसं होतं ते सांगायला हवं. मशीन म्हणजे एक जड लोखंडी पेटी. आत काचेचे व्हॉल्व्ह. बटण दाबलं की लगेच आवाज येत नसे, व्हॉल्व्ह तापायला वेळ लागे. तेवढ्यात उमेदवार माईकवर टिचक्या मारून घामाघूम होत. खेड्यांत वीज नव्हती. मशीन मोटारीच्या बॅटरीवर चाले आणि बॅटरी भरायला शिरूरला नाहीतर दौंडला न्यावी लागे. भोंगा झाडावर चढवायचा, वाऱ्याकडे पाहून त्याचं तोंड फिरवायचं आणि गर्दी जमेपर्यंत सनईची तबकडी लावून ठेवायची. सनई ऐकून लोक लग्न समजून येत आणि भाषण निघालं की फसलो म्हणून तिथंच बसत. एकदा बसलेला माणूस सहसा उठत नाही, हे नव्या उमेदवारांना मी आवर्जून सांगे.

उमेदवार मामलेदार कचेरीत अर्ज भरायच्या आधी माझ्याकडे येत. समोरच्यानं आधी भोंगा ठरवला तर काय, ही धास्ती असे. दुकानात बसले की विचारत, इस्माईलभाई, तुम्ही एवढे पाहिले, आमचं कसं काय वाटतं? मी पान पुढे करून सांगायचो ते असं. गावात शिरलात की पहिलं ग्रामदैवत, मग गावातला सगळ्यात म्हातारा माणूस, मग पाटील. उलट क्रम लावलात तर पाटीलसुद्धा मत देणार नाही. ज्या घरात माणूस गेलंय तिथं जरूर जा, पण मताचा शब्द काढू नका. आणि चहा नाकारू नका. चहा नाकारला की मत गेलं. चांगले धट्टेकट्टे उमेदवार मी या चहानं आडवे झालेले पाहिलेत. सकाळपासून घराघरातला गुळाचा चहा, कुठे बकरीच्या दुधाचा, कुठे नुसताच काळा. संध्याकाळच्या सभेत उमेदवार पोटावर हात ठेवून बोलायचा आणि लोकांना वाटायचं, किती कळवळ्यानं बोलतोय.

चित्रविचित्र गिऱ्हाइकं पुष्कळ भेटली. शिरूरच्या नगरपालिकेला एक अडतव्यापारी उभे होते. त्यांची सभा घोडनदीच्या काठावर ठेवली. पलीकडच्या दरडीवर आवाज आपटून परत येई. यांनी वाक्य म्हटलं की थोड्या वेळानं नदीपलीकडून तेच वाक्य. त्यांना वाटलं समोरच्या पार्टीचा माणूस चिडवतोय. त्यांनी माईकवरूनच त्याला दम भरला, तर तोच दम परत आला. मग मात्र ते भडकले. लोक हसून हसून बेजार झाले, पण त्या वॉर्डात त्यांना मतं चांगली पडली. हसवणाऱ्याला लोक सहसा पाडत नाहीत.

दुसरे एक अपक्ष होते, त्यांना शिडी हे चिन्ह मिळालं. लोकांच्या लक्षात राहावं म्हणून त्यांनी सुताराकडून खरी शिडी करून घेतली आणि गाडीला बांधून गावोगाव फिरवली. भोंगा झाडावर चढवायला ती मला फार सोयीची पडली. निवडणुकीत ते सपशेल पडले आणि म्हणाले, ही शिडी आता डोळ्यांसमोर नको. तेव्हापासून ती माझ्याकडे राहिली. या गोष्टीत ती पुढे दोनदा येणार आहे.

आणि एक होत्या मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टर. त्या नगरपालिकेला उभ्या राहिल्या तेव्हा मी आपण होऊन विचारायला गेलो, तर मला म्हणाल्या, भोंगा नको. त्यांच्या आळीतली निम्मी पोरं त्यांच्याच हातांवर जन्मलेली, आता कशाला ओरडून सांगायचं? वर मलाच बजावलं की माझ्या आळीत तीन बाळंतिणी आहेत, तिथं दुसऱ्या कुणाचाही भोंगा वाजवायचा नाही. मी वाजवला नाही. त्या निवडून आल्या. धंद्याच्या दृष्टीनं असे उमेदवार वाईट, पण मनातून मला त्यांचा अभिमान वाटला.

आता ज्या निवडणुकीसाठी मी हे लिहायला बसलो, तिच्याकडे येतो.

जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या नव्यानंच आल्या होत्या. दौंड तालुक्यात, खुटबावच्या बाजूच्या एका जागेसाठी नामदेव आप्पा उभे राहिले. आप्पांचं उसाचं गुऱ्हाळ होतं. रसाला आलेल्या माणसाला रिकाम्या हातानं परत न पाठवणारे, अडल्यानडल्याला धावून जाणारे, असे गृहस्थ. दोष एकच. बोलायला लागले की काकवीसारखी धार लागे, तुटता तुटत नसे. ‘थोडक्यात सांगतो’ असं त्यांनी म्हटलं की मी दुसरी बॅटरी जवळ ओढून ठेवी. प्रचाराची सगळी धावपळ त्यांचा मेव्हणा किसन बघायचा. किसन म्हणजे नुसता भुईनळा. निवडणूक आप्पांची, पण देव पाण्यात घालून बसला होता तो.

त्या जागेत बोरमळा नावाची वस्ती होती. शेताशेतांत विखुरलेली घरं, पण सगळी एकाच भावकीची. तिथं दगडूआबा म्हणतील ती पूर्व दिशा. आणि या दगडूआबांच्याच घरात आप्पांची सख्खी धाकटी बहीण सोनाबाई दिलेली होती. आबा तिचे सासरे. बाकीच्या गावांत दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या होत्या, त्यामुळे बोरमळा ज्याचा, गुलाल त्याचा, असा सगळ्यांचा हिशेब होता. सोनाबाईच्या मुलीचं, मंजुळेचं, लग्न मतदानानंतर लगेच ठरलेलं होतं. त्या लग्नाचा भोंगाही आबांनी मलाच सांगितला होता. म्हणजे मामाची निवडणूक आणि भाचीचं लग्न, दोन्ही माझ्याच गळ्यात.

आप्पांनी चूक केली ती अशी की सगळी गावं पायाखाली घातली, पण बोरमळ्याला गेलेच नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, बहिणीच्या दारात मत मागायला काय जायचं, ती काय परकी आहे? आपल्याकडचा माणूस हीच चूक करतो. परक्याचे पाय धरतो आणि घरच्यांना विचारत नाही, कारण विचारणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणं. तिकडे बोरमळ्यात दगडूआबा वाट बघून बघून रुसले होते.

समोरच्या उमेदवाराची माणसं हुशार. ती खंडोबाच्या देवळातून बेल-भंडारा घेऊन बोरमळ्यात गेली. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: बेलाचं पान आणि देवाची हळद, म्हणजे भंडारा, हातावर घेऊन दिलेला शब्द आमच्या भागात मोडत नाहीत. आमच्या घरातसुद्धा अम्मी सांगायची, अल्लाची शपथ नि भंडाऱ्याची शपथ, दोन्ही खोट्या घ्यायच्या नाहीत. शिवाय भंडारा समोर आला की तो नको म्हणता येत नाही, तो देवाचा अपमान होतो. सोनाबाईच्या भावानं तर विचारलंही नव्हतं. आबांनी भंडारा उचलला आणि सगळ्या वस्तीनं उचलला.

किसनला याचा पत्ता नव्हता. त्याला एवढंच कळलं की समोरचे लोक बोरमळ्याकडे फिरले. त्यानं आप्पांना न विचारता दुसऱ्याच दिवशी भंडाऱ्याची वाटी घेतली आणि वस्ती गाठली. दगडूआबा त्या दिवशी दौंडच्या बाजाराला गेले होते. किसननं बाकीच्यांना माळावरच्या खंडोबाच्या देवळात जमवलं. लोक चुळबुळले, पण कुणी तोंड उघडलं नाही. सोनाबाई मागे सरली, तेव्हा किसन म्हणाला की सख्ख्या भावासाठी बहीणच मागे सरली तर लोकांनी काय करायचं? मग तिनं हात पुढे केला आणि तिच्यामागे सगळ्यांनी केला.

संध्याकाळी आबा बाजारातून आले आणि त्यांना हे कळलं. एकाच देवापुढे, एकाच मतासाठी दोन शपथा. कुणालाही मत दिलं तरी एक खोटी पडणारच. आबांनी वस्तीला बोलावून सांगितलं की मतदानाला कुणी जायचं नाही. दुसरं सांगितलं ते त्याहून जड होतं. ज्यानं माझ्या माघारी माझं घर देवापुढं खोटं पाडलं, त्याला माझ्या मांडवात जागा नाही. किसन आला होता तो आप्पांच्या नावानं, म्हणून हा शब्द आप्पांसाठीच होता.

लग्नात मुलीचा मामा नसणं म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको. नवरीला आतून मांडवात आणतो तो मामा. मंगलाष्टकं चालू असताना तिच्या पाठीशी उभा राहतो तो मामा. बाकी कशाची उणीव भरून काढता येते, हिची नाही.

मला हे सगळं कळलं ते भोंगा कुठं बांधायचा हे बघायला मी बोरमळ्यात गेलो तेव्हा. विहिरीपाशी सोनाबाईनं मला थांबवलं. रडून तिचे डोळे सुजलेले होते. जे झालं ते तिनं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली,

“इस्माईलभाऊ, दादाला एवढंच सांगा. त्याला मत मिळंल न्हाईतर न मिळंल. माझ्या मंजूच्या पाठीशी उभा ऱ्हायाला मामा पायजे.”

मी सायकल तशीच आप्पांच्या गुऱ्हाळाकडे वळवली. आप्पा नि किसन रस आटवायच्या चुलाणाशेजारी बसले होते. मी सांगितलं तेव्हा आप्पांना प्रथम किसनचा राग आला, मग स्वतःचा. आणि मग ते गप्प झाले. आप्पांना गप्प बसलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं, त्यामुळे मलाच भीती वाटली. त्यांनी देवळाच्या गुरवाला बोलावून घेतलं. गुरव म्हणाला, ज्याच्या नावानं शपथ घेतली त्यानं त्याच देवापुढं उभं राहून ती माघारी घ्यावी, पण ज्यानं ज्यानं भंडारा उचललाय त्याच्या कानावर ते पडलं पाहिजे. नाहीतर ती सुटत नाही.

किसनचा चेहरा उजळला होता, पण निराळ्याच कारणानं. त्याला दुसरंच गणित दिसत होतं.

“दाजी, कशाला सोडताय?” तो म्हणाला. “बोरमळा घरी बसला तर समोरच्यालाबी मतं न्हाईत. बाकीच्या गावांत आपुनच थोडं पुढं हाय. कायबी न करता निवडून येतोय. आन् तुमची शपथ सुटली, की त्याची एकलीच उरली. मग बोरमळा आक्खा त्याच्या पेटीत. हातचं सोडून पळत्याच्या मागं का लागायचं?”

किसनचं गणित बरोबर होतं. मी एवढ्या निवडणुका पाहिल्यात, मलाही त्यात खोट सापडली नाही. शपथ माघारी घेणं म्हणजे जागा समोरच्याच्या ओंजळीत टाकणं होतं. मी धंद्यातला माणूस, मी मध्ये बोलायला नको होतं आणि बोललोही नाही. पण सोनाबाईचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

आप्पांनी मान वर केली. “किसन,” ते म्हणाले, “त्या वस्तीनं मत दिलं न्हाई तर मी निवडून येईन. आन् मग तिकडं माझी भाची परक्याचा हात धरून मांडवात येईल. मी इकडं कुणाच्या सत्काराला जाऊ?” आप्पा माझ्याकडे वळले. “इस्माईलभाई, भोंगा काढा.”

तो प्रचाराचा शेवटचा दिवस होता. ऊन कलायला लागलेलं, आणि अंधाराच्या आधी प्रचार बंद करायचा हुकूम. अडचण बॅटरीची होती. किसननं सकाळपासून गावोगाव आप्पांच्या नावानं घसा फोडला होता. एक बॅटरी पार बसलेली आणि दुसरी बसायच्या बेतात. दौंडला जाऊन भरून आणायला वेळ नव्हता. आम्ही तशीच गाडी जुंपली आणि बोरमळ्याच्या माळावर गेलो. आप्पा येतायत हे कळताच आबांनी वस्तीत निरोप धाडला होता की ते देवळात असेपर्यंत कुणी तिकडं फिरकायचं नाही. म्हणजे ऐकवायचं तर भोंग्यावरूनच, आणि घरं तर विखुरलेली. देवळापाशी एक उंच लिंब होता. शिडी लावून मी वर चढलो आणि भोंगा जमेल तितका उंच बांधला. वारा वस्तीच्या दिशेनं वाहत होता, तेवढं एक नशीब.

खाली येऊन मी आप्पांना हात जोडले. “आप्पा, आज थोडक्यात सांगायचं म्हणजे खरंच थोडक्यात. चार वाक्यं. पाचव्याला बॅटरी धरणार नाही.”

सनईची तबकडी लावायची चैन नव्हती. मी मशीन चालू केलं. व्हॉल्व्ह तापेपर्यंत आप्पा देवापुढे डोळे मिटून उभे राहिले. गुरवानं त्यांच्या हातावर भंडारा ठेवला. मग ते माईकसमोर आले.

“मी नामदेव, सोनाचा भाऊ बोलतुय. माझ्या नावानं तुमी ह्या देवाम्होरं जो भंडारा उचलला, तो मी माघारी घेतला. तुमची पैली शपथ खरी, ती पाळा. आबा, घरात बसू नगा, सगळ्यास्नी घेऊन मतदानाला जावा.”

एवढं स्पष्ट गेलं. मी कान लावून होतो, एकही शब्द फाटला नाही. आप्पांनी हातातला भंडारा स्वतःच्या कपाळाला लावला. मग त्यांनी श्वास घेतला आणि परत माईककडे वाकले. “आन् आबा, माझ्या मंजूच्या लग्नाला मला—”

पण ते वाकले तेव्हाच बॅटरी बसली होती. भोंग्यातून एक खरखर निघाली आणि तीही विझली. आप्पा माईकवर बोलतच राहिले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा त्यांना कळलं की पुढचं कुणी ऐकलेलं नाही. ते देवळाच्या पायरीवर बसले. मी दोन्ही बॅटऱ्या जोडून पाहिल्या, तारा घासून पाहिल्या, पण काही उपयोग झाला नाही. इतक्या वर्षांच्या धंद्यात एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. ज्यासाठी माणसानं जागा सोडली, तेच नेमकं मागायचं राहिलं होतं.

खाली शेतांमध्ये माणसं जागच्या जागी उभी होती. पाण्याच्या पाटाशी, गोठ्याच्या दारात, कुणी बांधावर. कुणी हाक मारली नाही की हात केला नाही. आम्ही सामान उतरवलं आणि सूर्य बुडायच्या आत परत निघालो.

मतदानाच्या दिवशी बोरमळ्यातून बैलगाड्या निघाल्या. पुढच्या गाडीत धुतलेलं धोतर, नवा पटका घालून दगडूआबा. सगळी वस्ती आली, म्हाताऱ्याकोताऱ्यांना पाठीवर घेऊन आली. कुणी आप्पांच्या बूथकडे नजर वर करून पाहिलं नाही. दिलेला शब्द पाळायला आलेल्या माणसांचे चेहरे मला चांगले ओळखता येत. निकाल काय लागणार हे मी तेव्हाच किसनला सांगू शकलो असतो, पण त्यालाही ते दिसत होतं.

मोजणी दौंडला झाली. आप्पा पडले. फार नाही, बोरमळ्याची मतं आली असती तर सहज निघाले असते. समोर गुलाल उधळला जात होता आणि किसन भिंतीकडे तोंड करून रडत होता. कचेरीसमोरच्या चहावाल्यानं सवयीनं आप्पांपुढे कप धरला. आप्पांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मोकळेपणानं म्हणाले, “नगं बाबा. आजपासून मला चहाला न्हाई म्हणायची मोकळीक हाय.” असं म्हणून ते हसले. पडलेले उमेदवार मी पुष्कळ पाहिले. कुणी शिव्या देतो, कुणी आजारी पडतो. डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखा हसलेला हा एकच.

पण लग्नाचं काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बोरमळ्यातून आप्पांना आमंत्रण आलं नाही आणि येऊ नका असा निरोपही आला नाही.

लग्नाच्या दिवशी मी भरलेल्या बॅटऱ्या घेऊन सकाळीच बोरमळ्यात पोचलो. या खेपेला तीन आणल्या होत्या. शिडी लावून भोंगा चढवला, सनई सुरू केली. सोनाबाई कामात होती, पण प्रत्येक फेरीला रस्त्याकडे बघून जात होती. एकदा माझ्या शेजारी येऊन उगाच उभी राहिली. मी आवाज जरासा वाढवला, एवढंच.

मुहूर्त जवळ आला. भटजींनी माईक मागून घेतला आणि माझ्या कानाशी विचारलं, नवरीच्या मामाला हाक द्यायची वेळ झाली, कुणाच्या नावानं देऊ? भावकीतला एक लांबचा मामा तयार ठेवलेला होता, तो पटका सारखा करत पुढे सरकला.

इतक्यात दगडूआबा माझ्याकडे आले. माईकला हा माणूस भिऊन असायचा. त्याच्यात आपला आवाज गेला की आयुष्य कमी होतं का, असं त्यांनी मला एकदा खरंच विचारलं होतं. त्यांनी भटजींच्या हातातून तो घेतला, दोन्ही हातांत धरला आणि मला विचारलं, “ह्याचं तोंड कुठं हाय?” मी दाखवलं. मग ते म्हणाले, तसं न्हाई, त्या वरच्या भोंग्याचं. मी सांगितलं, वस्तीकडं. “ते माळाकडं फिरव.”

मी शिडीवर चढलो, भोंगा वळवला आणि तिथूनच मला दिसलं. माळावरच्या खंडोबाच्या देवळाशी, शेताच्या हद्दीबाहेर, एक माणूस उभा होता. पांढरं धोतर, काखेत नव्या लुगड्याची घडी. आमंत्रण नाही म्हणून मांडवात पाऊल टाकायचं नाही, आणि भाचीचं लग्न म्हणून घरीही बसवत नाही, असा तो मधेच उभा होता. आबांनी त्याला माझ्या कितीतरी आधी पाहिलेलं असणार.

आबा माईकमध्ये बोलले. फार मोठ्यानं बोलले, भोंगा किंचाळला, तरी मी आवाज कमी केला नाही.

“नामदेवराव, ऐकू येतंय का? तुमी शपथ सोडली, माघारी कायबी मागितलं न्हाई. हे म्या सगळ्या वस्तीला सांगितलंय. आता देवळापाशी उभं राहू नगा. मंजूचा मामा मांडवात पायजे.”

माळावरचा माणूस आधी उतारावरून चालत, आणि नंतर धोतराचा सोगा हातात धरून पळतच खाली आला. आप्पांना पळताना कुणी पाहिलं नव्हतं. मांडवातली पाहुणे मंडळी उठून उभी राहिली. लांबचा मामा आपण होऊन बाजूला झाला. सोनाबाईनं पदर तोंडाला लावला. आणि शिडीवर बसल्याबसल्या माझा जीव भांड्यात पडला, कारण त्या वेळी मला ते आबांच्या तोंडून कळलं. माघारी कायबी मागितलं न्हाई. माझी बॅटरी आणखी एका वाक्याला टिकली असती, तर आप्पांनी मागितलं असतं, आणि आबांनी तो सौदा समजून नाकारलं असतं. ज्या बॅटरीला मी इतके दिवस शिव्या घालत होतो, तिनंच ते लग्न सांभाळलं होतं. हे मी आप्पांना पुष्कळ वर्षांनी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, म्हणूनच तुम्ही मला आयुष्यभर थोडक्यात बोला म्हणत होता.

आप्पा मंजुळेला घेऊन मांडवात आले आणि तिच्या पाठीशी उभे राहिले. मंगलाष्टकं सुरू झाली. माझ्या धंद्यात खंत वाटावी असं पुष्कळ झालं. भोंगे मोठे झाले, भाषणं तीच राहिली, आणि शेवटी तर दुकानच बंद केलं. पण ती शिडी अजून माझ्या दाराआड आहे. कुणी विचारलं की निवडणूक कशी जिंकायची, मी सांगतो तुम्ही दुसरीकडे विचारा, मला एका हरलेल्याचीच सगळी हकिगत नीट माहीत आहे.

अक्षता पडल्यावर मी खाली उतरलो. दगडूआबा माईक तसाच हातात धरून उभे होते, कुठं ठेवायचा हे त्यांना कळत नव्हतं. मी तो घेतला, मशीन बंद केलं. ते माझ्याकडे जरा संशयानं बघत होते.

“इस्माईल,” त्यांनी हळूच विचारलं, “ह्याच्यातून एकदा बोलल्यालं माघारी घेता येतं का?”

“न्हाई आबा. सगळ्या माळानं ऐकलं.”

“मग बरं झालं,” ते म्हणाले आणि व्याह्यांना जेवायला बसवायला निघून गेले.